रबरी पंतप्रधान

१. बाहुल्या मुलांच्याच असतात का?

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एखाद्या देशाचा पंतप्रधान रबरी बाहुल्याच्या रूपात अवतरतो, सिगार ओढतो, सहकाऱ्यांच्या कानशिलात भडकावतो आणि लाखो प्रौढ माणसे ते पाहून खदखदून हसतात, असे सांगितले की सर्वसामान्य वाचकाच्या मनात साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. बाहुल्यांचा खेळ हा मुळात मुलांचा असताना त्यात मद्य, शिवीगाळ आणि संसदेतील भांडणे शिरली कशी, हा पहिला प्रश्न. आणि नेत्याची नक्कलच करायची तर एखादा चांगला नकलाकार बोलावणे स्वस्तात पडत असताना त्याचा चेहरा रबरात ओतून घेण्याचा खटाटोप कशासाठी, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते, कारण त्यातील गृहीतकच चुकीचे आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात एका इटालियन बाहुलीवाल्याचा खेळ पाहिल्याची नोंद सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने ९ मे १६६२ रोजी आपल्या रोजनिशीत केली आहे, आणि त्या खेळातील नायक पुढे 'पंच' या नावाने इंग्लंडभर गाजला; हा पंच बायकोला बडवतो, तान्ह्या मुलाला फेकून देतो आणि फाशी द्यायला आलेल्या जल्लादालाच फासावर लटकवतो. फ्रान्समधील लिऑं या रेशीम विणणाऱ्या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोरां मूर्गे याने उभा केलेला 'गिन्योल' हा बाहुला मालक, घरमालक आणि पोलीस यांची टर उडवीत असे, आणि समोर बसणारे प्रेक्षक हे दिवसभर मागावर राबणारे कामगार असत. महाराष्ट्रातही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आल्या आहेत आणि ती आख्याने केवळ पोरासोरांसाठी कधीच नव्हती. बाहुली मुलांपुरती मर्यादित होण्यास बऱ्याच अंशी दूरचित्रवाणीच कारणीभूत ठरली. बीबीसीने १९४६ पासून 'मफिन' नावाच्या खेचराची बाहुली मुलांच्या कार्यक्रमात आणली आणि त्यानंतर बाहुली दिसली की पडद्यासमोर मुलांना बसवायचे, अशी पाश्चात्त्य घरांतील रीतच पडून गेली. म्हणजे प्रौढांसाठीची बाहुली ही नवी टूम नसून, काही काळ अंगणात खेळायला पाठवलेली ती पुन्हा दिवाणखान्यात परतली इतकेच.

'प्रौढांसाठी' या शब्दाचा अर्थ येथे एकदा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. अशा कार्यक्रमांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात गोंडस दिसणारी बाहुली अश्लील किंवा उद्धट बोलते आणि रूप व वाणी यांतील विसंगतीतून हसू निर्माण होते. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९९७ पासून येणारा, तोंडात सिगार धरून भल्याभल्यांचा पाणउतारा करणारा 'ट्रायम्फ' हा कुत्रा याचे चांगले उदाहरण होय. हा प्रकार गमतीदार असला तरी त्याची धाव बेताची आहे, कारण त्यातील विसंगती एकदा अंगवळणी पडली की उरते ते केवळ वात्रट बोलणे. दुसऱ्या प्रकारात बाहुली प्रत्यक्षातील हयात, सत्ताधारी व्यक्तीची असते. या प्रकरणाचा मुख्य विषय हा दुसरा प्रकार आहे, कारण मंत्री, सरकारी वकील आणि वाहिन्यांचे मालक यांची झोप उडवली ती त्यानेच.

२. चौकट हाच रंगमंच

पारंपरिक बाहुलीखेळात प्रेक्षकांपुढे एक छोटा रंगमंच असतो आणि बाहुली नाचवणारा त्याच्या मागे, खाली किंवा वर दडलेला असतो. सुरुवातीच्या दूरचित्रवाणीने कॅमेरा त्या रंगमंचासमोर नेऊन ठेवला आणि त्यामुळे बाहुली पडद्यावर दिसली खरी, पण ती दुरून पाहिल्यासारखी दिसली. जिम हेन्सन या अमेरिकी तरुणाने १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका स्थानिक केंद्रावर 'सॅम अँड फ्रेंड्स' हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याने हा छोटा रंगमंच काढूनच टाकला. पडद्याची चौकट हाच रंगमंच मानायचा, बाहुली चौकटीच्या आत आणि माणूस चौकटीच्या खाली, असा त्याचा साधा हिशेब होता. त्यामुळे कॅमेरा बाहुलीच्या अगदी नाकाजवळ नेता येऊ लागला, आणि जवळून पाहिल्यावर लाकडाचा थिजलेला चेहरा चालेनासा झाला. म्हणून हेन्सनने कापड आणि स्पंज यांचे मऊ चेहरे वापरले, जे आतल्या हाताची मूठ किंचित आवळली तरी रुसल्यासारखे किंवा गोंधळल्यासारखे दिसत. त्याचा पुढे जगप्रसिद्ध झालेला कर्मिट हा बाहुला आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन अर्ध्या भागांतून तयार झालेला होता.

या पद्धतीत बाहुली चालवणाऱ्याला स्वतःची बाहुली प्रत्यक्ष दिसत नाही. ती त्याच्या डोक्याच्या वर असते आणि तो खाली ठेवलेल्या छोट्या दूरचित्रवाणी संचावर, म्हणजे मॉनिटरवर, प्रेक्षकांना दिसणारेच चित्र पाहत असतो. हे चित्र आरशातल्यासारखे उलटे नसते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की पडद्यावर बाहुली डावीकडे सरकते आणि नवशिका कितीतरी दिवस चाचपडत राहतो. ओठांचा मेळ साधण्याचेही शास्त्र आहे. चार बोटे वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या जबड्यात असतो. नवखा माणूस प्रत्येक अक्षराला चारही बोटे वर उचलतो, म्हणून बाहुली बोलताना आकाशाचा चावा घेत असल्याचा भास होतो, तर मुरलेला कलावंत वरचा भाग स्थिर ठेवून केवळ अंगठा खाली आणतो. खऱ्या माणसाचाही खालचाच जबडा हलतो, हे यामागील साधे निरीक्षण.

हेन्सनला आपली बाहुली मोठ्यांसाठी हवी होती, पण अमेरिकेने तिला मुलांच्या कप्प्यातून बाहेर पडू दिले नाही. १९७५ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्याच वर्षी त्याच्या राक्षसी बाहुल्यांना जागा मिळाली, परंतु संहिता मात्र त्या कार्यक्रमाच्या लेखकांनीच लिहायच्या असल्याने आणि त्यांना बाहुल्यांसाठी लिहिणे कमीपणाचे वाटत असल्याने तो प्रयोग एका हंगामातच आटोपला. अमेरिकी वाहिन्यांनी नाकारलेला 'द मपेट शो' अखेर लू ग्रेड यांच्या एटीव्ही या ब्रिटिश कंपनीने लंडनजवळच्या एल्स्ट्री येथे १९७६ ते १९८१ या काळात तयार केला. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की पाच वर्षे इंग्लंडमध्ये हे काम चालल्यामुळे कॅमेऱ्यासाठी बाहुली चालवणारे कलावंत तेथे तयार झाले, आणि १९८२ मध्ये एटीव्हीचेच रूपांतर सेंट्रल टेलिव्हिजनमध्ये झाल्यावर दोनच वर्षांत त्या कंपनीने जो नवा कार्यक्रम हाती घेतला, त्यात 'मपेट'मधून आलेल्या लुईझ गोल्ड यांच्यासारख्या कलावंतांचा हात होता. हात हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा.

३. चेहरा ओतला जातो

'स्पिटिंग इमेज' हा तो कार्यक्रम २६ फेब्रुवारी १९८४ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाला आणि १९९६ पर्यंत चालला. मूळ कल्पना मार्टिन लॅम्बी-नेर्न या चित्रांकनकाराची, पण तिला चेहरा दिला तो पीटर फ्लक आणि रॉजर लॉ या केंब्रिजच्या कलाशाळेत एकत्र शिकलेल्या दोघांनी. हे दोघे मासिकांसाठी अर्कचित्रे करीत. अर्कचित्र म्हणजे व्यक्तीचे नाक, हनुवटी, चाल यांतील जे लक्षण डोळ्यांत भरते तेच फुगवून काढलेले चित्र. फ्लक आणि लॉ मात्र ते कागदावर रेखाटण्याऐवजी मातीत घडवीत आणि त्याचे छायाचित्र छापायला देत. तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता की मातीच्या या डोक्याला बोलते कसे करायचे.

कार्यशाळेतील क्रम पाहण्यासारखा आहे. व्यक्तीची सर्व बाजूंनी घेतलेली छायाचित्रे भिंतीवर लावून आधी रेखाटने होत, मग खऱ्या डोक्यापेक्षा बरेच मोठे डोके मातीत घडवले जाई. त्यावर प्लास्टरचा साचा घेतला जाई. रबराचा चीक, म्हणजे लेटेक्स, फेसाळेपर्यंत घुसळून त्या साच्यात ओतला जाई आणि साचा भट्टीत भाजला की स्पंजासारखी लवचिक कातडी हाती येई. तिला रंग देताना गालावरच्या निळ्या-तांबड्या शिरा, दाढीची खुंटे, वयाचे डाग हाताने काढले जात. केसांचा टोप वेगळा, कपडे वेगळे शिवलेले. डोळे हा मात्र सर्वांत नाजूक भाग असे, कारण बुबुळे तारेने डावी-उजवीकडे फिरली नाहीत तर सारा चेहरा मुखवटाच ठरे. एका कलावंताचा एक हात डोक्यात आणि दुसरा हातमोज्यातून बाहुलीचा हात झालेला, बाहुलीच्या दुसऱ्या हातासाठी शेजारी चिकटून बसलेला आणखी एक जण, आणि दोघेही कॅमेऱ्याच्या चौकटीखाली गुडघे मोडून, दिव्यांच्या उकाड्यात ते जड डोके हवेत तोलून धरलेले: एका मंत्र्याने भुवई न उडवता एक वाक्य बोलावे म्हणून एवढी माणसे घामाघूम होत.

यात आवाज त्यांचा नसे. आवाज नकलाकार आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवीत आणि स्टुडिओत ती फीत लावून बाहुलीवाले तिच्याबरहुकूम अंगठा हलवीत. त्यामुळे चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचा आणि शब्द चौथ्याचे, असा हा संयुक्त कारभार होता. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना स्टीव्ह नॅलन या पुरुष नकलाकाराने आवाज दिला होता, आणि थॅचर यांनी स्वतःच मार्गदर्शन घेऊन आपला स्वर खालच्या पट्टीत आणल्याची गोष्ट सर्वश्रुत असल्यामुळे ही निवड केवळ सोयीची नव्हती, ती टीकाही होती. ख्रिस बॅरी, हॅरी एनफिल्ड, स्टीव्ह कूगन, रॉरी ब्रेम्नर हे पुढे नावारूपाला आलेले विनोदी कलावंत याच ध्वनिमुद्रण कक्षातून गेले.

आता वेळेचे गणित पाहू. समजा, अर्थमंत्र्याने मंगळवारी अंदाजपत्रक मांडून दारूवरचा कर वाढवला आणि कार्यक्रम रविवारी रात्री आहे. मंत्र्याचे डोके आधीपासून फळीवर असेल तर बुधवारी विनोद लिहिता येतो, ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण आठवड्याच्या अखेरीस होते आणि अगदी ताजी वाक्ये प्रक्षेपणाच्या दिवशीही घालता येतात. परंतु मंगळवारी त्या मंत्र्याची हकालपट्टी होऊन कोणी अनोळखी माणूस खुर्चीवर आला, तर त्याचे डोके माती, साचा, भट्टी या पायऱ्या चढून येईपर्यंत रविवार उलटून गेलेला असतो. बाहुली-विनोदाचे बळ आणि त्याचे दुबळेपण, दोन्हींचे मूळ याच गणितात आहे: जे नेते पुष्कळ काळ टिकतात त्यांच्यावर तो चांगला चालतो. थॅचर सलग अकरा वर्षे पंतप्रधान होत्या, ही त्यांच्या टीकाकारांना नसली तरी त्यांच्या बाहुलीला फार सोयीची गोष्ट होती.

४. एक लक्षण, बाकी सारे बाद

नकलाकार आणि बाहुली यांतील खरा फरक आता समजू शकेल. नकलाकार कितीही निष्णात असला तरी त्याच्या चेहऱ्याखाली त्याचा स्वतःचा चेहरा असतो, त्याच्या अंगात अनेक सवयी असतात, आणि प्रेक्षक नकळत दोन माणसांची तुलना करीत असतो. बाहुलीला स्वतःचे असे काहीच नसते. काहिलीत उसाचा रस आटवत नेला की पाणी उडून जाते आणि ढेपेत केवळ गोडी व रंग उरतो, त्याप्रमाणे बाहुली घडवणारा माणसाचे शंभर गुणधर्म आटवून एकच शिल्लक ठेवतो. आणि तो एकच उरल्यामुळे त्या माणसाचे पुढचे प्रत्येक कृत्य त्याच चवीने चाखले जाते.

थॅचर यांच्या बाबतीत ते लक्षण होते मर्दानीपणा. त्यांची बाहुली पुरुषी सूट घालून सिगार ओढत असे, पुरुषांच्या मुतारीत उभी राहत असे आणि मंत्री तिला 'सर' म्हणत. एका गाजलेल्या प्रसंगात त्या मंत्रिमंडळासह उपाहारगृहात जातात, स्वतःसाठी मांस मागवतात, आणि वाढणारी जेव्हा विचारते की भाज्यांचे काय, तेव्हा टेबलाभोवतीच्या मंत्र्यांवर नजर फिरवून सांगतात की तेही हेच घेतील. अर्ध्या मिनिटाच्या या प्रसंगात धोरणाविषयी एक शब्दही नाही. तरीही त्या मंत्रिमंडळातील सत्तेचा पोत त्यातून जितका कळतो तितका अनेक अग्रलेखांतून कळला नसता. त्यांच्यानंतर आलेले जॉन मेजर हे आपादमस्तक राखाडी रंगाचे होते, त्यांची त्वचाही राखाडी, आणि ते पत्नीसमवेत जेवताना ताटातील मटाराच्या दाण्यांविषयी संथपणे बोलत. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरील मालिकेचे सूत्रच असे होते की अध्यक्षांचा मेंदू हरवला आहे आणि त्याचा शोध सुरू आहे. नॉर्मन टेबिट हे मंत्री कातडी जाकीट घातलेले गल्लीतले दांडगे होते. राजघराणेही सुटले नाही, आणि आजीबाई झालेल्या राणीमातेची बाहुली आली तेव्हा वृत्तपत्रांनी फारच आरडाओरडा केला.

अशा चित्रणाने नेत्यांचे नुकसान होते का, हा प्रश्न वाचक हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा तिरकस आहे. १९८३ च्या निवडणुकीनंतर ब्रिटनमध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट या दोन पक्षांची आघाडी होती. पहिल्याचे नेते डेव्हिड स्टील, दुसऱ्याचे डेव्हिड ओवेन. संसदेत स्टील यांच्या पक्षाच्या १७ जागा होत्या आणि ओवेन यांच्या पक्षाच्या केवळ ६. बाहुल्यांच्या जगात मात्र ओवेन उंचपुरे आणि रुबाबदार होते, तर स्टील यांची बाहुली एवढीशी, चिरक्या आवाजाची, ओवेन यांच्या कोटाच्या खिशातून डोकावणारी होती. त्या बाहुलीने आपली प्रतिमा खालावली, असे स्वतः स्टील यांनी नंतर बोलून दाखवले. उलट मुतारीत उभ्या राहणाऱ्या, मंत्र्यांना चोप देणाऱ्या थॅचर यांनी १९८७ ची निवडणूक १०२ जागांच्या बहुमताने जिंकली. लेखकांचा हेतू त्यांना हुकूमशहा ठरवण्याचा असला तरी प्रेक्षकापर्यंत पोहोचले ते एवढेच, की या बाईंपुढे कोणाचे काही चालत नाही. आणि हे तर त्यांचा प्रचारविभागही सांगत होता.

फ्रान्समधील अनुभव याला दुजोरा देतो. कनाल प्लुस या वाहिनीवर १९८८ पासून रोज संध्याकाळी बाहुल्यांचे एक बातमीपत्र सादर होत असे, जे 'ले गिन्योल' या नावाने, म्हणजे लिऑंच्या त्या जुन्या बाहुल्याच्याच नावाने, प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वाहिनीवरील सुप्रसिद्ध वृत्तनिवेदकाची बाहुली त्यात बातम्या सांगे. १९९५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी जाक शिराक यांची बाहुली पाठीत खुपसलेल्या सुऱ्यांसह वावरत असे, कारण त्यांच्याच पक्षातील जुन्या मित्राने त्यांच्याविरुद्ध दंड थोपटले होते. आणि शिराक यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सफरचंदाचे झाड असल्यामुळे ही बाहुली लोकांना सतत सफरचंदे खाण्याचा उपदेश करी. धूर्त म्हणून ओळखला जाणारा राजकारणी एकाएकी दगाफटका झालेला भाबडा काका वाटू लागला, त्याने निवडणूक जिंकली आणि त्यात बाहुलीचा वाटा किती याची चर्चा फ्रान्समध्ये पुढे अनेक वर्षे चालली. २००२ मध्ये त्याच कार्यक्रमाने शिराक यांना 'महाखोटारडा' या वेषातला महानायक केले. ते तेव्हाही निवडून आले. यावरून असे म्हणता येते की बाहुली माणसाला लहान करीत नाही, ती त्याला मोठे करते. ज्याचे बळ मोठे दिसते तो अधिक बलवान होतो आणि ज्याचा दुबळेपणा मोठा दिसतो तो खिशात जातो.

५. बाहुली बोलली, पण पकडायचे कोणाला?

मराठी वाचकाला या प्रश्नाची एक घरगुती आवृत्ती परिचयाची आहे. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेला आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी रंगमंच व दूरचित्रवाणी दोहोंवर गाजवलेला 'अर्धवटराव' हा शब्दभ्रमाचा बाहुला होय. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बोलण्याची कला, ज्यामुळे आवाज बाहुल्याच्या तोंडून येत असल्याचा भास होतो. या खेळातील खरी गंमत अशी की बाहुला आगाऊपणा करतो आणि शेजारी बसलेला सभ्य गृहस्थ त्याला दटावतो, आणि दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत हे ठाऊक असूनही प्रेक्षक बाहुल्यालाच जबाबदार धरतो. राजकीय बाहुल्यांचे कार्यक्रम याच लबाडीवर उभे असतात; फरक इतकाच की तेथे दटावणारा गृहस्थ पडद्यावर नसतो, तो सरकारी कचेरीत बसलेला असतो.

रशियात काय झाले ते पाहू. सोव्हिएत संघ मोडल्यावर सुरू झालेल्या एनटीव्ही या खाजगी वाहिनीवर १९९४ मध्ये फ्रेंच नमुन्यावरून 'कुक्ली', म्हणजे बाहुल्या, हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे प्रमुख लेखक व्हिक्टर शेंडेरोविच यांची पद्धत अशी की दर आठवड्याला एखादी जुनी, सर्वांना माहीत असलेली साहित्यकृती घ्यायची आणि तिच्या पात्रांच्या जागी नेते बसवायचे. १९९५ च्या उन्हाळ्यात त्यांनी गोर्कीच्या 'तळागाळात' या नाटकाचा आधार घेऊन अध्यक्ष येल्त्सिन आणि पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांना सरकारने ठरवलेल्या किमान वेतनावर जगू पाहणारे भणंग म्हणून दाखवले. महाअभियोक्ता कार्यालयाने फौजदारी चौकशी सुरू केली. पण तेव्हाचे वातावरण असे होते की चौकशीच हास्यास्पद ठरली, काही महिन्यांत ती गुंडाळली गेली, आणि ती सुरू करणारे हंगामी महाअभियोक्ता इल्युशेंको यांनाच त्या वर्षी पदावरून जावे लागले व पुढे लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली. येल्त्सिन यांना आपली बाहुली आवडत असेल असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी ती सोसली, एवढे खरे.

जानेवारी २००० मध्ये शेंडेरोविच यांनी जर्मन लेखक हॉफमन याच्या एका कथेचा आधार घेतला. कथेत एका कुरूप ठेंगूला परीचे वरदान मिळते, त्यामुळे त्याच्या आसपास कोणीही चांगले काही केले की त्याचे श्रेय लोक त्यालाच देतात. ठेंगू होते व्लादिमिर पुतिन, जे तेव्हा हंगामी अध्यक्ष होते, आणि परी होते त्यांना पुढे आणणारे धनाढ्य माध्यममालक बेरेझोव्स्की. पुतिन ज्या विद्यापीठात कायदा शिकले त्या सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातील मान्यवरांनी कार्यक्रमाच्या कर्त्यांवर खटला भरण्याची मागणी करणारे पत्र प्रसिद्ध केले. त्यानंतर वाहिनीकडे जे निरोप आले त्यांत पहिल्या क्रमांकाच्या व्यक्तीची बाहुली काढून टाकावी ही अटही होती. शेंडेरोविच यांनी ती अक्षरशः पाळली. पुढच्या एका भागात मोझेसला दहा आज्ञा मिळण्याचा प्रसंग घेऊन अध्यक्षांना त्यांनी डोंगरावरचा ढग आणि जळते झुडूप या रूपात आणले. बाहुली नव्हतीच, पण ढगातून येणारा हुकूम कोणाचा हे सांगायला तिची गरजही नव्हती. राजकीय बाहुली-विनोदाच्या इतिहासात या भागाइतकी कसबी चाल क्वचितच सापडेल. एप्रिल २००१ मध्ये वाहिनीचा ताबा सरकारी वायू कंपनी गॅझप्रोमकडे गेला आणि २००२ मध्ये 'कुक्ली' बंद झाला. कारण केवळ एक विनोद होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. संपूर्ण वाहिनीच सत्तेच्या डोळ्यांत खुपत होती. पण अध्यक्षांना ठेंगू दाखवणारी वाहिनी हीच होती, हेही विसरता येत नाही.

लोकशाही देशांत बंदीचा मार्ग इतका उघड नसतो. ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या काळात दूरचित्रवाणीने निःपक्षपाती राहावे असे बंधन असल्यामुळे 'स्पिटिंग इमेज'चा १९८७ चा निवडणूक विशेष भाग मतदान संपल्यावर लगेच दाखवला गेला. दक्षिण आफ्रिकेत व्यंगचित्रकार झपिरो यांच्या सहभागाने तयार झालेल्या बाहुली-बातमीपत्राचा नमुना तेथील सार्वजनिक वाहिनीनेच करवून घेतला आणि मग दाखवलाच नाही, म्हणून २००९ मध्ये तो इंटरनेटवर आणावा लागला. फ्रान्समध्ये तर खटला, चौकशी यांची गरजच पडली नाही. २०१५ मध्ये कनाल प्लुसची सूत्रे उद्योगपती व्हँसां बोलोरे यांच्या हाती आल्यावर सर्वांना विनामूल्य दिसणारा तो कार्यक्रम वर्गणीदारांपुरता करण्यात आला, जुना निवेदक-बाहुला हटवण्यात आला, प्रेक्षक आटले आणि २०१८ मध्ये तीस वर्षांचा तो खेळ संपला. विनोदाला गप्प करण्यासाठी त्याचा प्रेक्षक तोडणे हे तुरुंगापेक्षा पुष्कळ स्वस्त साधन आहे.

६. भारतात हे का रुजले नाही

भारतात एनडीटीव्ही इंडिया या हिंदी वाहिनीवर 'गुस्ताखी माफ' या कार्यक्रमाने रबरी नेत्यांची हीच पद्धत आणली आणि अटलबिहारी वाजपेयी, सोनिया गांधी, लालूप्रसाद यादव यांच्या बाहुल्या घराघरांत ओळखीच्या झाल्या. मराठी प्रेक्षकाला रबरी चेहऱ्याची भीती आणि गंमत दोन्ही ठाऊक होती, कारण १९९३ च्या 'झपाटलेला' या चित्रपटातील तात्या विंचू हा पाध्ये यांच्याच कार्यशाळेतून आलेला बाहुला होता. तथापि मराठी नेत्यांच्या बाहुल्यांचे असे नियमित बातमीपत्र काही उभे राहिले नाही.

याची कारणे शोधताना पैशाकडे आधी पाहावे लागते. नकलाकाराला एक धोतर, एक चष्मा आणि एक टोपी पुरते, आणि आपल्याकडे नेत्यांच्या हुबेहूब नकला करणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. त्याउलट बाहुलीला मूर्तिकार, साचाकार, टोपकार, शिंपी, दोन-तीन चालक आणि वेगळा आवाज लागतो, आणि हा सारा खर्च एका भाषेच्या वाहिनीला एकाच राज्यातील प्रेक्षकांवर वसूल करावा लागतो. दुसरे कारण संख्येचे आहे. ब्रिटनमध्ये पंधरा-वीस डोकी तयार असली की संसदेचा बहुतेक कारभार दाखवता येतो, आणि ती सर्व देशभर ओळखली जातात. भारतात केंद्रातील मंत्र्यांखेरीज प्रत्येक राज्याचे मुख्यमंत्री, विरोधक आणि बंडखोर वेगळे, आणि बंडखोर तर डोके भट्टीतून निघायच्या आत पक्ष बदलतात.

वेगाचे हे गणित अखेर मूळ कार्यक्रमालाही चुकवता आले नाही. ब्रिटबॉक्स या इंटरनेटवरील सेवेने ऑक्टोबर २०२० मध्ये 'स्पिटिंग इमेज' पुन्हा सुरू केला तेव्हा रॉजर लॉ त्यात होते आणि डोनाल्ड ट्रम्प, बोरिस जॉन्सन असे आयते फुगवलेले चेहरेही हाताशी होते, परंतु सकाळी घडलेल्या घटनेवर दुपारपर्यंत हजारो विनोद भ्रमणध्वनीवर फिरून शिळे होत असताना शनिवारची वाट पाहणाऱ्या रबराला ताजेपणाची बाजी मारणे अवघड होते. दोन हंगामांनंतर तो थांबला. त्यानंतर २०२३ मध्ये याच बाहुल्यांना घेऊन एक नाटक उभे राहिले, आणि त्याचा पहिला प्रयोग झाला बर्मिंगहॅममध्ये, जेथील सेंट्रलच्या स्टुडिओत १९८४ मध्ये त्यांचे चित्रीकरण सुरू झाले होते. या नाटकात बाहुल्या चालवणारे कलावंत चौकटीखाली लपले नाहीत. ते बाहुल्यांसह प्रेक्षकांसमोर उभे राहिले.